शनिवारची आवराआवर

न्यायशास्त्र शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगतात, की डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे असे समजावे. दुसऱ्या दिवशी सांगतात, की धूर दिसला नाही म्हणून अग्नी नाही असे मात्र समजू नये. तापवलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. आर्नाव्हिकच्या चर्चची वाहन समिती पहिल्या दिवशी पूर्ण संख्येने हजर होती आणि दुसऱ्या दिवशी एकमताने गैरहजर, असे धरून चालले म्हणजे पुढची हकीकत समजायला अवघड जात नाही.

समितीकडे एक जुनी फोर-व्हील गाडी होती. लुइस बेटाच्या आमच्या बाजूला घरे एकमेकांपासून इतकी दूर आहेत, की चालू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांना देवाच्या घरी आणायचे तर कुणीतरी जाऊन उचलून आणावे लागते. ते काम शोनाग बुकॅनन करीत असे. शोनाग शाळेच्या स्वयंपाकघरात होती, लग्न केलेले नव्हते, आणि समितीने तिचे आभार दरवर्षी वार्षिक सभेत मानलेले होते. गाडीची देखभाल तिचा थोरला भाऊ एव्हांडर करी, कारण त्या टापूत गॅरेज एकच होते आणि ते त्याचे होते. समितीचे अध्यक्ष रॉडरिक मॅकलेनन हे मंडळीचे वडीलही होते, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक. त्यांना गाडीतले एकच कळे: समोरच्या फळीवर दिवा लागलेला आहे की नाही.

आदल्या हिवाळ्यात तो लागला होता. ब्रेक दाबल्यावर चाक जागच्या जागी आवळले जाऊन गाडी घसरू नये म्हणून अशा गाड्यांत एक यंत्रणा असते. तिचा हा दिवा. प्रत्येक चाकाशी एक दातेरी कडे फिरते, त्याच्या शेजारी केसाएवढे अंतर ठेवून एक सेन्सर बसवलेला असतो, आणि तो चाक किती वेगाने फिरते आहे ते गाडीतल्या संगणकाला सांगत राहतो. समुद्राचा वारा आणि रस्त्यावर टाकलेले मीठ यांमुळे आमच्याकडे लोखंड माणसांच्या आधी म्हातारे होते. एव्हांडरने समितीपुढे सांगितले, की पुढच्या दोन्ही चाकांचे हब, म्हणजे चाक ज्यावर बसते ते मधले लोखंड, गंजले आहेत, ते आणि सेन्सर एकदमच बदलायला हवेत.

"दिवा जाईल का तेवढं सांग," रॉडरिक म्हणाले.

"दिवा तर तारेचा जोड साफ केला तरी जाईल. पण तो काही इलाज नव्हे."

"वार्षिक तपासणीत काय बघतात? दिवा. मग दिवा घालव. हबचं पुढच्या वर्षी बघू."

एव्हांडरने जोड साफ केले, सेन्सर बोटाने आत रेटले, दिवा गेला. गाडी तपासणीत पास झाली. त्या बैठकीची समाप्ती उपकारस्तुतीने झाली, आणि पुढच्या वर्षी कुणी काही बघितले नाही, कारण बघायला दिवाच नव्हता.

त्या वर्षीच्या थंडीत शोनागने तक्रार केली. गाडी उभी करताना, अगदी शेवटच्या क्षणाला, ब्रेकचे पेडल पायाखाली थरथरते आणि गाडी हातभर पुढे जाते.

"तुझाच पाय थरथरत असेल," रॉडरिक म्हणाले. "वय झालं आता, शोनाग."

"तुमच्याएवढं नाही झालं अजून."

एव्हांडरने मात्र गाडी रस्त्यावर नेली, मोकळ्या रस्त्यावर जोरात पळवली, जोरात ब्रेक मारले. गाडी जिथल्या तिथे उभी राहिली. "बर्फावर ते पेडल थरथरतंच गं," त्याने बहिणीला सांगितले. "यंत्रणा काम करते आहे म्हणून थरथरतं. उलट चांगलं आहे." गाडी माणसाच्या चालीने चालवून, मग ब्रेक दाबून बघावे, हे त्याला सुचले नाही. ब्रेकची परीक्षा वेगातच घ्यायची असते अशी सर्वांची समजूत असते; जणू हळू जाणाऱ्या गाडीने कधी कुणाला मारलेलेच नाही.

आमच्याकडे प्रभुभोजनाचे, म्हणजे मंडळीने एका मेजाशी बसून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचे, दिवस गुरुवारी सुरू होतात आणि सोमवारी संपतात. घरोघरी पाहुणे उतरतात, रोजच्या माशांऐवजी मटण शिजते, आणि जे लोक वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत ते एका बाकावर बसतात. त्या गुरुवारी सकाळी दहिवर गोठले होते. शोनाग चार म्हाताऱ्या घेऊन चर्चच्या उताराच्या अंगणात शिरली, पायी चालणाऱ्याच्या वेगाने. जॉन मर्डो भिंतीशी उभा होता. स्तोत्राची ओळ आधी एकट्याने गाऊन सगळ्या मंडळीला सूर द्यायचा मान त्याच्याकडे होता, आणि म्हाताऱ्यांना हात धरून उतरवून घ्यायचे कामही त्याने आपल्याकडे घेतले होते. त्याने हात वर करून "बस, इथेच" अशी खूण केली. शोनागने ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. ती थांबल्यासारखी झाली, आणि मग, सावकाश, कुणी पाठीमागून हलकेच ढकलावे तशी पुढे गेली आणि भिंतीला टेकली. मध्ये जॉन मर्डो होता.

मी त्या वेळी दारात होतो. मला आवाज ऐकू आल्याचे आठवत नाही. गाडीतली एक म्हातारी "पोहोचलो का?" असे विचारीत होती ते आठवते.

पोलीस शिपाई आला. त्याने पेडल दाबून पाहिले, घट्ट होते. किल्ली फिरवली, दिवा लागला आणि नियमाप्रमाणे विझला. तपासणीचे प्रमाणपत्र ताजे होते. शोनाग एकच वाक्य सांगत होती: "मी दाबला होता. पायाखाली थरथरलं आणि सुटलं." शिपायाने ते लिहून घेतले, आणि ज्या चेहऱ्याने लिहून घेतले त्या चेहऱ्याने पुढचे सगळे ठरले. गाडीची तांत्रिक तपासणी करायला इन्व्हरनेसहून माणूस सोमवारच्या बोटीने येणार होता. तोवर ती छपराखाली ठेवायला हवी होती, आणि पलीकडच्या खाडीपर्यंत छप्पर आणि जॅक असलेली जागा एकच होती.

"हात लावायचा नाही," शिपाई एव्हांडरला म्हणाला.

"नाही लावणार."

शुक्रवारी त्याने हात लावला नाही. शनिवारी दुपारी तो गाडीभोवती फिरला, आणि मग, बघणे म्हणजे हात लावणे नव्हे असा एक सूक्ष्म भेद त्याच्या मनात तयार झाला. आमच्या मंडळींना असे भेद करण्याचा तीन-चारशे वर्षांचा सराव आहे. त्याने पुढचे उजवे चाक जॅकवर उचलले, सेन्सरची तार सोडवून तिला मीटर लावला आणि चाक हाताने जोरात फिरवले. काटा व्यवस्थित उसळला. मग त्याने चाक हळू फिरवले, एखादा माणूस चालेल तेवढ्या गतीने. काटा थरथरला, आणि चाक फिरतच असताना शून्यावर येऊन पडला.

त्याने डावे चाक बघितले. तेच. मागची दोन्ही बघितली. तिथे चाक अगदी गोगलगायीसारखे फिरवले तरी काटा जिवंत राहत होता.

त्याने शोनागला फोन करून बोलावून घेतले. ती झाकण लावलेल्या भांड्यात सूप घेऊन आली, कारण रिकाम्या हाताने कुणाकडे जायचे तिला माहीत नव्हते.

"इकडे ये. खाली वाक. हे बघ." त्याने तोवर दोन्ही सेन्सर बाहेर काढले होते. जिथे ते बसतात त्या खोबणीत गंज फुगून पापुद्रे धरले होते, आणि त्या पापुद्र्यांनी सेन्सरला आतून बाहेर रेटले होते. "अंतर वाढलं. गाडी वेगात असते तेव्हा एवढ्या अंतरावरूनही ह्याला चाक कळतं. म्हणून संगणक खूश, म्हणून दिवा नाही. पण गाडी थांबायला आली की ह्याचा आवाज मंद होत जातो. मग पुढचं चाक फिरत असतानाच संगणकाला वाटतं, चाक आवळलं, आता घसरणार. आणि तो काय करतो?"

"काय करतो?"

"ब्रेक सोडतो. गाडी वाचवायला. तू दाबून धरलेला असतोस आणि तो सोडतो."

शोनाग एका जुन्या टायरवर बसली. 

"म्हणजे मी दाबला होता," ती म्हणाली.

"अगं, तेच तर सांगतोय. दाबला होतास."

"मला वाटायला लागलं होतं की नसेल दाबला. दोन दिवस सगळे इतकं विचारतायत." ती उठली. "सूप गरम आहे तोवर घे. मला बटाटे सोलायचेत, उद्यासाठी."

ती गेली तेव्हा, एव्हांडरच्या म्हणण्याप्रमाणे, ती गुरुवारच्या आधी चालत असे तशी चालत गेली.

आता आमच्याकडचा शनिवार काय असतो हे ठाऊक नसेल त्याला पुढचे मूर्खपणाचे वाटेल. शब्बाथच्या, म्हणजे रविवारच्या, दिवशी काम करायचे नाही, एवढेच परक्यांना माहीत असते. खरा जाच शनिवारी असतो. अर्धवट राहिलेले काम शब्बाथपर्यंत उघडे पडून राहता कामा नये. चुलीसाठी दलदलीतून कापून वाळवलेली पीटची ढेकळे घरात आणायची, बटाटे सोलून पाण्यात टाकायचे, बुटांना पॉलिश करायचे, फावडे पुसून आत ठेवायचे, विणकामाची सुई टाक्यात अडकलेली राहू द्यायची नाही. हे कुणी शिकवत नाही. शनिवारचा उजेड उतरू लागला की आमच्या माणसांचे हात आपोआप आवरू लागतात. त्यासाठी त्यांना डोक्याची परवानगी लागत नाही. एव्हांडरचे हात त्या गॅरेजात उभ्या आयुष्यात एकदाही चाक उघडे टाकून घरी गेले नव्हते.

अंधारू लागले तसा त्याने तारेचा ब्रश घेतला. खोबणीतले पापुद्रे खरवडले, खालचे लोखंड चकचकीत होईपर्यंत घासले, ग्रीसचा हात फिरवला, सेन्सर तळाला टेकेपर्यंत दाबून बसवले. दुसऱ्या चाकाचेही तेच केले. तारा जोडल्या, चाके चढवली, नट आवळले, जॅक खाली घेतला. जमीन झाडली. झाडलेले सगळे स्टोव्हच्या राखेच्या बादलीत टाकले आणि बादली मागच्या बाजूला वाऱ्यावर उपडी केली. पान्हे पुसून खिळ्यांवर टांगले. मग हात धुतले, सूप प्यायला, आणि बहीण निर्दोष आहे या समाधानात घरी गेला.

रविवारी जॉन मर्डोच्या जागी दुसऱ्याने ओळ दिली. त्याने सूर फार वर घेतला, मंडळीला तो पेलेना, आणि मध्येच एक स्तब्धता पडली. मी एव्हांडरच्या मागच्या बाकावर होतो. त्या स्तब्धतेत त्याने आपले तळवे उलटे करून पाहिले. ते स्वच्छ होते. नखांच्या कडासुद्धा. त्याची मान ज्या तऱ्हेने खाली गेली ते पाहून मला वाटले, जॉन मर्डोसाठी रडतो आहे. प्रवचन नेहमीच्या लांबीचे होते. त्या दिवशी त्यातून उठून जाण्याची सोय नव्हती, आणि उठून जाऊन करणार तरी काय? बादली उपडी झालेली होती.

सोमवारच्या बोटीने इन्व्हरनेसचा तपासनीस आला. सभ्य, नेमका माणूस होता. त्याने आपला संगणक गाडीला जोडला. एकही बिघाड नोंदलेला नव्हता. सेन्सर मोजले, चारही उत्तम. गाडी अंगणात नेऊन जोरात आणि अगदी हळूही थांबवून पाहिली. ती शेळीसारखी निमूट उभी राहिली.

"इतक्या जुन्या गाडीचे इतके चांगले हब मी या बेटावर पाहिलेले नाहीत," तो एव्हांडरला म्हणाला. ही स्तुती होती.

"मी शनिवारी साफ केले."

तपासनिसाने संगणक मिटला. "काय म्हणालात?"

एव्हांडरने सगळे सांगितले. काटा, पापुद्रे, ब्रश. तपासनिसाने शांतपणे ऐकले, आणि मग जो प्रश्न कुणीही विचारला असता तोच विचारला: "गंज कुठे आहे?"

"फेकला."

"फोटो?"

"नाही काढला. तुम्ही येऊन बघालच म्हटलं."

"मग साफ का केलंत?"

"शनिवार होता," एव्हांडर म्हणाला. याहून खरे उत्तर त्या बेटावर नव्हते, आणि इन्व्हरनेसच्या माणसापुढे याहून निरुपयोगीही नव्हते.

रॉडरिकना हे कळले तेव्हा ते गॅरेजात आले. दारातच उभे राहिले.

"तू हे सगळीकडे सांगत सुटलायस म्हणे. हबचं."

"खरं आहे ते."

"असेल. पण बघ, तपासणीत गाडी पास आहे. दिवा नव्हता. समितीने जे करायचं ते केलं. तू म्हणतोस तसं असेल, तर गाडीची देखभाल कुणाकडे होती? मी आपलं विचारतो."

"मी हब मागितले होते, रॉडरिक. तुमच्यापुढे."

"मला आठवत नाही," रॉडरिक म्हणाले. आणि मला खात्री आहे की ते खोटे बोलत नव्हते. जे दिव्याच्या रूपाने समोर येत नाही ते आठवणीत ठेवण्याची सवय त्यांना नव्हती.

शोनागवर निष्काळजीपणे गाडी चालवून मृत्यू घडवल्याचा आरोप आला. तिच्या वकिलाने स्टॉर्नोवेच्या कचेरीत भावाबहिणीला समोर बसवून परिस्थिती मांडली, आणि त्या तरुणाची मांडणी निर्दय पण निर्दोष होती. एव्हांडर साक्षीला उभा राहिला आणि न्यायालयाने विश्वास ठेवला नाही, तर त्याने बहिणीसाठी खोटी साक्ष दिली. विश्वास ठेवला, तर पोलिसांनी हात लावू नको म्हटलेला पुरावा त्याने नष्ट केला. दोन्हीकडून त्याच्यावर खटला. आणि दुसरी शक्यता खरी मानली तरी शोनाग सुटेलच असे नाही, कारण बघायला काही उरलेले नाही.

"मी साक्ष देणार," एव्हांडर म्हणाला.

"आणि मी कबूल केलं तर?" शोनागने विचारले.

"तर साक्षीदारांची गरजच नाही. प्रकरण तिथेच संपतं. लायसन जाईल, सामाजिक कामाची शिक्षा होईल बहुधा. तुरुंग नाही," वकील म्हणाला.

"कबूल काय करणार तू?" एव्हांडर भडकला. "न केलेलं?"

"तू गप्प बस. तुला न विचारता हात चालवायची खोड आहे."

ती लगेच ठरवू शकली नाही. ज्या माणसाला तिने मारले असे सगळे म्हणत होते त्याची बायको तिच्याच रस्त्यावर राहत होती. शोनाग डोलिनाकडे गेली, या वेळी हातात काही न घेता, कारण त्या घरी काय न्यावे ते तिला सुचले नाही. त्या भेटीत काय झाले ते शोनागनेच मला नंतर सांगितले. तिने ते सांगताना एकही शब्द गोड केला नाही.

डोलिनाने तिला बसायला सांगितले, चहा दिला. मग म्हणाली, "एव्हांडर येऊन गेला. चाकाचं चित्र काढून दाखवलं मला कागदावर. मला समजलं ते, पोरी. मी काही वेडी नाही."

"मग तुम्हाला पटलं का?"

"पटलं. तू दाबला होतास."

शोनागने कप खाली ठेवला. एवढेच ऐकायला ती आली होती.

"पण ऐक," डोलिना म्हणाली. "मी सकाळी उठते, दोन कप काढते, आणि एक परत ठेवते. त्या वेळी मला कुणाचं तरी तोंड समोर लागतं. गंजावर कशी रागावू मी? रॉडरिकवर रागावले तर तो माझ्यासाठी प्रार्थना करील. तुझ्यावर रागावता येतं. मला माहीत आहे ते चूक आहे, आणि तरी येतं. तेव्हा तू पुन्हा इकडे येऊ नकोस."

"बरं," शोनाग म्हणाली. चहा संपवून, कप विसळून, ती बाहेर पडली.

खटल्याच्या दिवशी न्यायालयात आमच्या गावची अर्धी मंडळी होती. कारकुनाने आरोप वाचला. शोनाग उभी राहिली आणि कुणालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गुन्हा कबूल आहे."

"नाही," एव्हांडर मागच्या बाकावरून म्हणाला. तो उभा राहिला होता.

"बसा," न्यायाधीश म्हणाले.

"तिने ब्रेक दाबला होता. मला शपथ द्या, मी सांगतो."

"तुम्हाला कुणी साक्षीला बोलावलेलं नाही. बसा, नाहीतर बाहेर जावं लागेल."

शोनागने मागे वळून त्याच्याकडे पाहिले. ती नजर मी पाहिली आहे. लहानपणी आईने चर्चमध्ये मुलाकडे टाकावी तशी ती होती. साठी ओलांडलेला एव्हांडर खाली बसला.

न्यायाधीशांचे निवेदन संयमी होते. आरोपीचे चारित्र्य निष्कलंक आहे, तिने सेवाभावाने हे काम केले, तिचा पश्चात्ताप उघड आहे. मात्र आधुनिक वाहन बिघाडाची सूचना चालकाला स्वतःहून देते, आणि प्रस्तुत वाहनाने अशी कोणतीही सूचना दिली नव्हती. सबब दोष यंत्राचा नव्हे, हे आरोपीने स्वतःच मान्य करून मृताच्या कुटुंबाला दीर्घ सुनावणीच्या यातनेतून वाचवले, याची नोंद न्यायालय घेते. डोलिना पहिल्या रांगेत होती. तिने मान हलवली नाही.

मंडळीच्या वडिलांची बैठक त्याच आठवड्यात भरली. ज्या सदस्याने मनुष्यहानीचा गुन्हा उघडपणे कबूल केला त्याला प्रभुभोजनाच्या मेजाशी बसू देता येत नाही, निदान पश्चात्तापाची खात्री होईपर्यंत. एका वडिलांनी चाचरत विचारले, की तिने तो गुन्हा केलाच नसेल तर? रॉडरिकनी उत्तर दिले, की मग ती न्यायालयात खोटे बोलली, आणि ते तर अधिकच गंभीर. युक्तिवाद बिनतोड होता. ठराव मंजूर झाला. शोनाग आता चालत येते आणि शेवटच्या बाकावर, ज्यांना मेजाशी बोलावणे नसते अशांत बसते. कधी पाऊस असला की येता येता पुरती भिजते.

पण ते नंतर. न्यायालयातून बाहेर पडलो तेव्हा बंदरावरून आडवा पाऊस येत होता. शोनाग वकिलाशी कसल्यातरी सहीसाठी थांबली होती. एव्हांडर पायऱ्यांवर टोपी हातात धरून उभा होता. डोक्यावर घालायचे त्याच्या लक्षात आले नसावे. रॉडरिक त्याच्याजवळ आले. त्यांनी छत्रीचा थोडा भाग त्याच्या डोक्यावर धरला, हे मला नमूद केले पाहिजे.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण मिटलं एकदाचं. बरं, पोलिसांनी गाडी सोडली आहे ना? उन्हाळ्यातलं प्रभुभोजन आलंच जवळ. म्हाताऱ्यांना आणायला कुणीतरी पाहिजे. माझा पुतण्या चालवील म्हणतो."

एव्हांडरने टोपी डोक्यावर घातली.

"दिवा वगैरे नाही ना लागलेला?" रॉडरिकनी विचारले.

"नाही," एव्हांडर म्हणाला. "आजच घेऊन जा. ती आता जिथे थांबवाल तिथे थांबते."